सांधे दिसू द्यात

शुक्रवारी संध्याकाळी मी पर्स उचलली की नवरा विचारतो, "निघालीस का तुझ्या दाढीवालीकडे?" जर्सी सिटीत राहायला आल्यापासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या ११५ क्रमांकाच्या दालनात मी इतक्यांदा गेले आहे की घरात थट्टा होणं रास्तच आहे. शुक्रवारी ते उशिरापर्यंत उघडं असतं. शाळांच्या सहली परतलेल्या असतात, बाकड्यावर जागा मिळते, आणि समोर प्राचीन इजिप्तची बाई-राजा हॅटशेपसुट असते. एक नाही, अनेक.

मधोमध चुनखडीतली पांढरी मूर्ती सिंहासनावर बसलेली आहे. डोक्याला राजाचं शिरोवस्त्र, कमरेला राजाचं आखूड कमरवस्त्र, पण अंग बाईचं: निमुळते खांदे, बारीक कंबर, उराचा हलका उभार. आजूबाजूला अस्वानच्या तांबूस ग्रॅनाइटच्या मोठ्या मूर्ती गुडघे टेकून बसल्या आहेत. त्यांची छाती सपाट, खांदे रुंद, हनुवटीला दाढी आणि दोन्ही हातांत देवाला अर्पण करायचे गोल कुंभ. पलीकडे सात टनांहून जड स्फिंक्स, सिंहाच्या धडावर तिचंच तोंड. हे सगळं एकाच बाईचं रूप. इ.स.पू. १४७९ ते १४५८ या काळात इजिप्तचा कारभार तिच्या हातात होता, आणि त्यातली बरीचशी वर्षं ती राजा म्हणून गादीवर होती.

एका शुक्रवारी एक माणूस बाहेरून वीसेक पर्यटकांचा गट घेऊन आला होता. चार मिनिटांत त्याने सगळं उरकलं. सावत्र आईने पोराची गादी बळकावली, पुरुषाचा वेष घेऊन प्रजेला फसवलं, वास्तुकाराशी संधान बांधलं. मग पोरगा मोठा झाला आणि संतापाच्या भरात त्याने तिच्या सगळ्या मूर्ती फोडल्या. लोक हसले, हळहळले, फोटो काढून पुढे गेले. संध्याकाळच्या मालिकेचा अख्खा मसाला त्यात होता. मला राग आला तो गोष्ट रंगवल्याचा नव्हे. ज्या मूर्तीसमोर तो हे सांगत होता, तिच्या अंगावरच त्याचं खंडन कोरलेलं होतं.

त्या पांढऱ्या मूर्तीच्या सिंहासनाच्या बाजूंवर लेख आहेत. त्यांत तिला 'परिपूर्ण देवी', 'दोन्ही भूमींची स्वामिनी', 'रे देवाची देहजात कन्या' म्हटलं आहे. फसवायचं असतं तर 'कन्या' कशाला लिहिलं असतं? १८२९ साली फ्रेंच विद्वान शांपोलियों डेर अल-बहारीला तिने बांधवलेल्या देवळात पोचला. चित्रलिपी उलगडून त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. भिंतीवर फॅरोच्या पोशाखातला दाढीवाला राजा, आणि लेखातली नामं-क्रियापदं मात्र स्त्रीलिंगी. तो गोंधळून गेला. मराठी माणसाला त्याचा गोंधळ इंग्रजाहून लवकर कळेल. इंग्रजीत राजा 'आला' की 'आली' हे न ठरवताही वाक्य पुरं करता येतं. आपल्याला क्रियापदापाशी थांबावंच लागतं. इजिप्शियन लेखनिकाचीही तीच अडचण होती, आणि त्याने ती लपवली नाही. चित्रात परंपरेचा राजा दाखवला आणि शब्दाला स्त्रीलिंगी 'त' जोडला. वाचता येणाऱ्या प्रत्येकाला गादीवर बाई आहे हे ठाऊक होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही असणारच. वीस वर्षं असं गुपित कोणत्या देशात राहतं?

मग दाढी कशाला? तर राजा हे तिथे माणसाचं नव्हे, पदाचं रूप होतं. खोटी दाढी पुरुष फॅरोही लावत. देवापुढे राजा कसा दिसतो याचं शतकानुशतकांचं ठरलेलं चित्र होतं, आणि तिने त्या चित्रात स्वतःला बसवलं. एका झटक्यात नव्हे. आधीच्या मूर्तींत बाईपण जास्त आहे, नंतरच्यांत कमी. दालनात या मूर्तीपासून त्या मूर्तीकडे चालत गेलं की तिने आणि तिच्या शिल्पकारांनी काय काय करून पाहिलं ते दिसतं. मला त्या दालनाचा नाद लागला तो याचसाठी. तयार आदर्श समोर नसताना माणूस चाचपडत कसा पुढे जातो, हे साडेतीन हजार वर्षांनंतर दगडात बघायला मिळतं. अगदीच आदर्श नव्हता असंही नाही. बाराव्या राजवंशाच्या शेवटी सोबेकनेफेरू नावाची बाई राजा होऊन गेली होती. तिच्या लूव्रमधल्या मूर्तीच्या धडावर बायकी वस्त्र आणि राजाचं कमरवस्त्र दोन्ही आहेत. त्यामुळे 'पहिली स्त्री फॅरो' ही हॅटशेपसुटच्या गळ्यात सर्रास अडकवली जाणारी पाटीही काढून ठेवायला हवी.

आता गादी बळकावण्याचं. तिचा नवरा, जो तिचा सावत्र भाऊही होता, तो दुसरा थुतमोस वारला तेव्हा दुसऱ्या बायकोचा मुलगा, तिसरा थुतमोस, लहान होता. मुलाच्या नावाने हॅटशेपसुट राज्य चालवू लागली. सातव्या वर्षापर्यंत, उशिरात उशिरा, तिने राजाची नामावली घेतली होती: माअत्कारे. हे कळतं एका थडग्यातल्या मडक्यांवरून. तिचा अधिकारी सेनेनमुट याच्या आईवडिलांच्या थडग्यात सातव्या वर्षाची मडकी सापडली आणि त्यांवर तिच्या राजनामाचा ठसा होता. पण हे 'सातवं वर्ष' कुणाचं? मुलाचं. ती राजा झाल्यावरही वर्षांची गणती त्याच्या राज्यारोहणापासूनच चालू राहिली. कर्नाकच्या मंदिरातल्या लाल दगडाच्या छोट्या देवळावर दोघं मागेपुढे चालताना कोरले आहेत, ती पुढे, तो मागे. त्याला मारलं नाही, कोंडलं नाही, त्याचं नाव पुसलं नाही. तो वाढला, सैन्यात रमला, आणि ती गेल्यानंतर मगिद्दो शहरावर चालून जाऊन इजिप्तच्या थोर सेनानींपैकी एक ठरला. गादी बळकावणारे प्रतिस्पर्ध्याला फौज हाताळू देत नाहीत.

मोडतोड मात्र खरीच झाली. ती नाकारण्यात अर्थ नाही. १९२० च्या दशकात मेट्रोपॉलिटन म्युझियमचे हर्बर्ट विनलॉक डेर अल-बहारीत उत्खनन करत होते. देवळाजवळच्या दगडखाणीत आणि खड्ड्यांत त्यांना मूर्तींचे तुकडेच तुकडे मिळाले. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने त्या ढिगात सूड वाचला. पुढे त्याच संग्रहालयातले विल्यम हेज यांनी तिला गर्विष्ठ, महत्त्वाकांक्षी आणि विधिनिषेध नसलेली बाई ठरवलं. पुरुष फॅरोला 'महत्त्वाकांक्षी' म्हणून कुणी झोडपल्याचं माझ्या वाचनात नाही. महत्त्वाकांक्षा नसलेला फॅरो तो कसला? त्याआधी कुर्ट झेटे या जर्मन विद्वानाने तर खोडलेल्या नावांच्या जागी कोणती नावं आली हे पाहून एक भलताच आलेख मांडला होता. पहिला, दुसरा, तिसरा थुतमोस आणि हॅटशेपसुट आळीपाळीने एकमेकांना गादीवरून खाली खेचत होते म्हणे. एदुआर नाविलने तेव्हाच त्याला विरोध केला. पण भाऊबंदकीची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड, ती विद्वानांनाही सोडवत नाही.

१९६० च्या दशकात चार्ल्स निम्स या अभ्यासकांनी पुरावा नीट लावून पाहिला आणि सूडाच्या कथेचा पायाच हलला. नाव पुसण्याचं काम तिसऱ्या थुतमोसच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास किंवा त्यानंतर सुरू झालं. म्हणजे ती जाऊन दोन दशकं उलटल्यावर. एवढी वर्षं राग दाबून धरणारा संतापी सावत्र मुलगा कुणी पाहिला आहे? शिवाय खोडलं काय, हेही बघण्यासारखं आहे. 'राजा' हॅटशेपसुट खोडली. राजाची पत्नी असतानाची तिची चित्रं बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. तिच्या नावाच्या जागी पुष्कळदा त्याने स्वतःचं नावही घातलं नाही, बापाचं नि आजोबाचं घातलं. वंशावळीत आजोबा, बाप, मुलगा अशी सरळ रेघ दिसावी आणि आपल्यामागून आपल्या मुलाला, दुसऱ्या अमेनहोतेपला, गादी विनाखटका मिळावी, हा हेतू त्यात जास्त पटतो. माणूस म्हणून तिचा द्वेष नव्हे, पायंडा म्हणून तिची अडचण. मला विचाराल तर हे सूडापेक्षा गार आणि म्हणून जास्त भयंकर आहे. पण भयंकर असलं तरी ते राजकारण आहे, घरातलं भांडण नव्हे.

आणि २०२५ साली टोरोंटो विद्यापीठाचे जुन यी वाँग यांनी विनलॉकच्या मोहिमेची जुनी छायाचित्रं आणि टिपणं पुन्हा उलगडून आणखी एक गाठ सोडवली. अनेक मूर्तींचे चेहरे शाबूत होते. त्या मान, कंबर, गुडघे अशा ठरावीक जागी तोडल्या होत्या. राजाची मूर्ती निकामी करताना, तिच्यातली शक्ती काढून घेताना, इजिप्तमध्ये इतर राजांच्या मूर्तीही अशाच तोडत. चेहऱ्यांची जी नासधूस दिसते तिच्यातली बरीचशी नंतरची, दगड दुसऱ्या कामाला वापरताना झालेली. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते तसं विसर्जनही होतं. गणपती बुडवताना त्याच्यावर कुणाचा राग नसतो. ही तुलना मी शेवटपर्यंत ताणणार नाही, कारण तिची नावं पद्धतशीर खोडली गेली हे वाँगही नाकारत नाहीत. पण ती फुटकी मान पाहून लगेच 'सूड' म्हणणारा डोळा कुठे घसरतो, हे दाखवायला ती पुरेशी आहे.

त्या 'वास्तुकारा'च्या, म्हणजे सेनेनमुटच्या, प्रकरणावर मी जास्त शब्द घालवणार नाही. देवळाच्या वरच्या कपारीत कुणीतरी खरडलेलं एक अश्लील चित्र, आणि तो अविवाहित दिसतो ही गोष्ट, एवढ्या भांडवलावर हे प्रेमप्रकरण उभं आहे. तो अमुन देवाच्या मालमत्तेचा कारभारी होता, राजकन्या नेफेरुरेला मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या मूर्ती आहेत, तो फार मोठ्या पदाला पोचला. राजाचा लाडका अधिकारी मोठ्या पदाला पोचला तर आपण त्याला कर्तबगार म्हणतो. राजा बाई असली की मग आपल्याला कपार आठवते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी आता तिची वीरांगना करणार. नाही करणार. सावत्र आईची कथा उलटी केली की दुसरी तितकीच घट्ट कथा तयार होते: शांतताप्रिय, कलासक्त, पुरुषी व्यवस्थेने गाडलेली स्त्री. हिचाही धंदा आता जोरात आहे. दुकानातल्या मगवर, लहान मुलींच्या चित्रांच्या पुस्तकांत, महिला दिनाच्या पोस्टवर ती आढळते. पण तिच्या राज्यात दक्षिणेकडच्या न्युबियावर स्वाऱ्या झाल्या. पुंत या दूरच्या देशाच्या मोहिमेतून आणलेली धूपाची झाडं टोपल्यांत मुळांसकट वाहून नेतानाची शिल्पं सुंदर आहेत खरी, पण त्या गलबतांत तिने सैनिकही पाठवले होते. आणि ती गाडली गेली असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. अबीडोसच्या राजावलीत तिचं नाव नाही, पण त्या यादीतून अखेनातेन आणि तुतनखामुन हे पुरुष राजेही गळले आहेत. उलट हजारेक वर्षांनी मानेथो या इजिप्शियन पुरोहिताने लिहिलेल्या इतिहासातून एक 'अमेसिस' नावाची बाई उतरून आली आहे, राज्यकाल २१ वर्षं ९ महिने. नाव बदललं, आठवण गेली नाही.

तेव्हा माझा मुद्दा तिच्या बाजूचा किंवा विरुद्ध असा नाहीच. तो संग्रहालयांविषयी आहे. संग्रहालय हे लोकांच्या पैशांवर, लोकांच्या विश्वासावर चालतं. तिथल्या पाटीवर लिहिलेलं माणूस वर्तमानपत्रापेक्षा जास्त खरं मानतो. अशा ठिकाणी वस्तूबरोबर तिचे सांधेही दाखवले पाहिजेत. कुठला भाग मूळचा, कुठला भरलेला, तुकडे कुठून कुठे गेले, अर्थ कुणी लावला आणि तो केव्हा बदलला, हे सगळं पाटीवर यायला हवं. ११५ क्रमांकाच्या दालनात त्या गुडघे टेकलेल्या मूर्तींच्या जवळ जाऊन बघा, दंडावर, मानेवर जोडकामाच्या रेषा दिसतात. मेटच्या पाट्याही अलीकडे पुष्कळ सावध आहेत, सूडाची कथा त्या सांगत नाहीत. पण सावध असणं वेगळं आणि स्वतःचा इतिहास सांगणं वेगळं. याच संग्रहालयाच्या विद्वानांनी अर्धं शतक ती कथा जगाला शिकवली आणि पर्यटकांचे मार्गदर्शक अजून तीच विकतात. ती कशी बनली, कशी मोडली, हे त्या दालनात एका भिंतीवर लावलं तर ते दालन दुप्पट रंजक होईल.

तुकड्यांचा प्रवासही असाच भिंतीवर यावा. या मूर्तींचे काही भाग लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने १८४० च्या दशकात बर्लिनला नेले होते. उरलेले भाग विनलॉकला सापडले. मग दोन संग्रहालयांनी देवाणघेवाण करून एकाच अंगाचे तुकडे पुन्हा एकत्र आणले. न्यूयॉर्कला त्या मूर्ती आल्या त्या तेव्हाच्या कायद्याने झालेल्या वाटणीतून: उत्खननात मिळालेलं काही कैरोला, काही खणणाऱ्याला. चोरी नव्हती. पण त्या वाटणीच्या वेळी इजिप्तमध्ये इंग्रजांचं वजन किती होतं हेही सगळ्यांना माहीत आहे. मी या मूर्ती परत द्याव्यात की नाही यावर इथे निकाल देत नाही. त्या परत गेल्या तर माझे शुक्रवार जातील, त्यामुळे माझं मत तसंही निष्पक्ष मानू नये. पण बसून बघणाऱ्याला एवढं तरी कळावं की त्याच्या पुढ्यातल्या गुळगुळीत मूर्तीला साडेतीन हजार वर्षांत तीनदा घडवलं गेलं: शिल्पकाराने, फोडणाऱ्याने आणि जोडणाऱ्याने.

सांधे लपवण्याची सवय कुठवर जाते याचा सगळ्यात ठळक नमुना मूर्तीत नाही, ममीत आहे. १९०३ साली हॉवर्ड कार्टरला राजांच्या खोऱ्यातल्या केव्ही-६० या साध्याशा थडग्यात दोन बायकांच्या ममी सापडल्या. त्यांतली एक हॅटशेपसुट आहे, असं २००७ साली इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी जाहीर केलं. आधार एक दाढ. तिचं नाव असलेल्या लाकडी पेटीत, सीटी स्कॅनमध्ये, तुटलेली दाढ दिसली आणि ती त्या ममीच्या जबड्यातल्या रिकाम्या जागेत बसते असं सांगितलं गेलं. वाहिन्यांनी जगभर दाखवलं. काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला की पेटीतली दाढ खालच्या जबड्याची वाटते आणि मोकळी जागा वरच्या जबड्यात आहे. डीएनएचा निर्णायक पुरावा त्यामागे नाही. ३ एप्रिल २०२१ रोजी २२ राजममींची सोनेरी सजवलेल्या गाड्यांतून कैरोत मिरवणूक निघाली. तहरीर चौकातून फुस्तातच्या नव्या संग्रहालयाकडे निघालेल्या त्या २२ जणांत हॅटशेपसुट म्हणून हीच ममी होती. मी पडद्यावर ती मिरवणूक पाहिली, अंगावर काटा आला, खोटं का बोलू. दोन दिवसांनी मनात आलं: ही जर ती नसेल, तर आपण कुण्या दुसऱ्याच बाईचं प्रेत तिच्या नावाने मिरवलं. दाईचं असेल, दासीचं असेल. तिच्या स्वतःच्या नावाची चौकशी कुणी करत नाही. पाटीवर 'बहुधा' एवढा एक शब्द वाढवला तर मिरवणुकीची शोभा किती कमी होणार होती?

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो मला माझ्या बहिणीने फोनवर ऐकवला. ती शाळेत इतिहास शिकवते. "तुला वेळ आहे म्हणून तू सांधे बघतेस," ती म्हणाली. "दहा वर्षांच्या पोरीला एका दालनात दहा मिनिटं मिळतात. तिला एक बाई राजा झाली होती एवढं कळलं तरी पुरे आहे. 'बहुधा' आणि 'काहींच्या मते' वाचून ती जांभया देईल." मला यावर लगेच उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही पूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण दालनात मी पोरांना बघत बसलेली असते. ती राणीच्या गोष्टीपाशी थांबत नाहीत. ती भेगेपाशी थांबतात. "हे का तुटलंय?" हा प्रश्न आईबापांना इतक्यांदा विचारला जातो की मोजायचं मी सोडून दिलं. भेगेचं उत्तर 'सावत्र मुलगा रागावला' असं दिलं की प्रश्न तिथेच मिटतो. 'शंभर वर्षांपूर्वी लोकांना एक वाटायचं, आता दुसरं वाटतं, तुला काय वाटतं?' असं दिलं की पोरगं मूर्तीला चक्कर मारून पाठीमागून बघून येतं. हा पुरावा नव्हे, बाकड्यावरचा अनुभव आहे. बहिणीने तो ऐकून घेतला आणि विषय बदलला.

कर्नाकला हॅटशेपसुटचा जवळजवळ तीस मीटर उंचीचा एक ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा निमुळता स्तंभ, अजून उभा आहे. खाणीतून काढण्यापासून तो सात महिन्यांत पुरा झाला असं तिने त्याच्यावर लिहून ठेवलं आहे. त्याच लेखात एक ओळ आहे जी राजाच्या तोंडी सहसा येत नाही. पुढच्या काळात माझी स्मारकं बघणारे लोक काय म्हणतील, या विचाराने मन इकडून तिकडे हेलकावे खातं, अशा अर्थाची. तिसऱ्या थुतमोसने नंतर या ओबेलिस्कभोवती भिंत बांधली. भिंतीमुळे खालचा भाग झाकला गेला आणि झाकल्यामुळेच तो चांगला टिकला.

बहिणीशी बोलून झाल्यावर त्याच रात्री मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्या ग्रॅनाइटच्या मूर्तीचा फोटो टाकला. खाली ओळ लिहिताना क्रियापदापाशी अडले, शांपोलियोंसारखी. मग लिहिलं: 'राजा गुडघे टेकून बसली आहे.' पाच मिनिटांत पुण्याहून आत्येची दुरुस्ती आली: 'राणी.' इजिप्शियन भाषेत राणीला शब्द आहे तो 'राजाची बायको' असा, आणि हे पद मागे टाकूनच ती इथवर आली, हे मी टाइप करायला घेतलं. मग खोडलं. ओळ मात्र तशीच ठेवली आहे.